दिवे मालवले की वेग वाढतो

छताखालच्या रोलर कोस्टरमध्ये पहिल्यांदा बसायला निघालेला माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. किती उंच आहे? आणि किती जोरात जाते? उघड्यावरच्या कोस्टरला हे प्रश्न शोभतात. बंद इमारतीतल्या कोस्टरला विचारायचा प्रश्न निराळा आहे: आत गेल्यावर मला काय काय दिसणार नाही?

फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमधला ‘स्पेस माउंटन’ 1975 पासून लोकांना किंचाळायला लावतो आहे. त्याचा जास्तीत जास्त वेग ताशी 45 किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वेगाने साधी स्कूटरही पळते. पण नुकत्याच उतरलेल्या, केस विस्कटलेल्या माणसाला हा आकडा सांगून बघा, तो तुम्हालाच वेड्यात काढेल. हे गौडबंगाल अंधाराचं आहे आणि अंधाराचा हा धंदा डिस्नेच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

रोलर कोस्टरचा जन्म उजेडात आणि कडाक्याच्या थंडीत झाला. सतराव्या-अठराव्या शतकात रशियात, विशेषतः सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, लाकडी सांगाड्यांवर पाणी ओतून गोठवलेले उंच उतार बांधत आणि त्यावरून लोक घसरत येत. फ्रेंचांनी ही कल्पना उचलली, पण पॅरिसमध्ये बर्फाचा भरवसा नाही. म्हणून 1817 साली तिथे चाकांच्या गाड्या आल्या आणि त्या रुळावरून सुटू नयेत अशी सोयही झाली. फ्रेंच भाषेत आजही कोस्टरला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. गंमत म्हणजे रशियन लोक त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. जो तो दुसऱ्याच्या नावावर खपवतोय.

अमेरिकेचा वाटा कोळशातून आला. पेन्सिल्वेनियातल्या मॉक चंक इथे 1827 साली खाणीतला कोळसा खाली आणायला उताराचा रूळमार्ग बांधला. भरलेले डबे आपसूक खाली येत आणि रिकामे डबे खेचरं वर ओढून नेत. खाली येताना खेचरांनाही डब्यात बसवून आणत. म्हणजे अमेरिकेत उतारावरच्या सफरीचे पहिले नेमाने येणारे प्रवासी खेचरं होती म्हणायला हरकत नाही. पुढे माणसांनाही चटक लागली आणि कोळशाची वाहतूक दुसऱ्या मार्गाने गेल्यावर हा रूळमार्ग निव्वळ हौशी प्रवाशांवर चालला.

मग 1884 साली लामार्कस थॉम्पसन याने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर आपली ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. तिकीट 5 सेंट, वेग ताशी 10 किलोमीटरच्या आतबाहेर. प्रवासी बाकावर आडवे, समुद्राकडे तोंड करून बसत. एका टोकाला उतरायचं, नोकरांनी गाडी ढकलून दुसऱ्या रुळावर चढवायची, मग परत. आज हे वाचताना हसू येतं, पण तेव्हा तिथे रांगा लागल्या.

आपल्या विषयाची खरी सुरुवात मात्र त्याच्या पुढच्या खटपटीत आहे. 1887 साली अटलांटिक सिटीत थॉम्पसनने ‘सीनिक रेल्वे’ काढली. या गाडीच्या वाटेवर बोगदे होते. बोगद्यात काळोख आणि गाडी जवळ आली की रंगवलेले देखावे एकदम उजळत. विजेचा दिवा तेव्हा नवलाईचा होता, त्यामुळे अंधारातून अचानक झगमगणारा देखावा हीच मोठी करमणूक. गाडीचा वेग फारसा वाढलेला नव्हता. तरी थॉम्पसनला एक गोष्ट नक्की कळली होती: माणसाला थोडा वेळ काही दिसू दिलं नाही की पुढचं जे दिसेल ते दुप्पट मोठं वाटतं. आजच्या बंदिस्त कोस्टरमध्ये चढावर लुकलुकणारे दिवे, वळणामागून एकदम उभं राहणारं भूत, धूर, गडगडाट हे सगळं त्या बोगद्यांचं नातवंड-पतवंड आहे.

पुढची सत्तर वर्षं सुधारणा झाली ती मुख्यतः चाकांत. जॉन मिलर या अमेरिकन रचनाकाराने रुळाला खालून पकडणाऱ्या चाकांचं पेटंट 1919 साली मिळवलं. त्याआधी अमेरिकेतल्या कोस्टरमध्ये गाडी बहुधा रुळावर नुसती ठेवलेली असे आणि टेकाड जोरात ओलांडलं तर उडण्याची भीती होती. वरून, बाजूने आणि खालून अशी तिहेरी पकड आल्यावर उतार हवे तेवढे तीव्र करता आले. चढावरचा खट-खट-खट आवाजही मिलरच्याच काळातला. गाडी वर ओढणारी साखळी तुटली तर गाडी मागे येऊ नये म्हणून एक खिट्टी दातेरी पट्टीवर घासत जाते, तो तिचा आवाज. अंधारात हा आवाज फार मोठा वाटतो आणि पुष्कळांना तो काहीतरी बिघडल्याचा वाटतो. उलट तो बंद पडला तर काळजी करावी. अर्थात बऱ्याच नव्या कोस्टरमध्ये हे काम आवाज न करता होतं.

लाकडी कोस्टरला जागा ऐसपैस लागते. लहान घेरात गुंडाळता येईल असा रूळ 1959 साली आला. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये त्या वर्षी जूनमध्ये ‘मॅटरहॉर्न’ सुरू झाला. पोलादी नळीचा रूळ वापरलेला हा पहिला कोस्टर, बांधला अॅरो डेव्हलपमेंट या कंपनीने. नळी हवी तशी वाकवता येते, त्यामुळे वळणांचा गुंता थोड्या जागेत मावला. तोही एका खोट्या डोंगराच्या पोटात. शिवाय रुळाचे टप्पे पाडून, पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सोडायची नाही, अशी व्यवस्था तिथे होती. एका वेळी अनेक गाड्या पळवायच्या तर हे अत्यावश्यक, आणि अंधारात तर त्याहून.

संपूर्ण अंधारात, अवकाशात फिरल्यासारखी सफर असावी ही वॉल्ट डिस्नेची कल्पना साठच्या दशकाच्या मध्याची. 1966 साली तो वारला. आरसीए या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा पैसा आल्यावर फ्लोरिडात 15 जानेवारी 1975 रोजी ‘स्पेस माउंटन’ उघडला. रचनाकार जॉन हेंच याने इमारतीचे काँक्रीटचे आधार बाहेरच्या बाजूला काढले, म्हणजे आतून भिंत गुळगुळीत राहील आणि तिच्यावर तारे पाडता येतील. बाहेरून पाहताना सुंदर वाटणाऱ्या त्या उभ्या फासळ्या आतल्या काळोखासाठी आहेत, हे मला फार आवडतं. छताचा दुसरा फायदा रोकडा होता. फ्लोरिडात दुपारी विजांसह पाऊस कोसळतो, तेव्हा उघड्यावरच्या गाड्या बंद ठेवाव्या लागतात. ही चालूच राहते.

आता 45 किलोमीटरचं कोडं. आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाशेजारी, द्रवाने भरलेल्या तीन वळणदार नळ्या असतात. डोकं वळलं की आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळतं. त्यांच्याजवळच्या दोन बारीक पिशव्या सरळ ओढ ओळखतात. पण ही सगळी यंत्रणा फक्त बदल ओळखते. एकसारखा वेग तिला कळत नाही, तो डोळे सांगतात. उजेडात डोळ्यांना पुढचं डावं वळण आधीच दिसतं आणि मान नकळत थोडी ताठ होते. अंधारात वळण आधी येऊन आदळतं, शरीराला जाग नंतर येते. त्यात वारा तोंडावर, खांब डोक्याला लागेल असा भास, मागच्या डब्यातली किंकाळी. मेंदू या सगळ्याचा हिशोब करतो आणि बिल दुप्पट लावतो. पोटात येणारा गोळा मात्र खोटा नसतो. उतारावर गाडी खाली निसटते, क्षणभर वजन हलकं होतं आणि पोटातली आतडी खरोखर आपल्या जागेवरून किंचित वर येतात.

खांब लागत नाही, हेही सांगून टाकतो. बसलेल्या माणसाचे हात जिथवर पोचतील तिथवरची जागा मोकळी आहे ना, हे माप घेऊन तपासलेलं असतं. तरीही डोकं खाली घातलं जातंच. मीही घालतो.

एकदा अशाच एका कोस्टरमध्ये आमची गाडी मधल्याच टप्प्यावर थांबली. कुठला ते सोडून द्या. दोन मिनिटं काळोख, मग घोषणा, आणि मग खटाखट कामाचे दिवे लागले. आकाशगंगा गेली. वर पत्र्याचं छप्पर, पांढऱ्या ट्यूबा, प्रत्येक खांबावर रंगाने लिहिलेला आकडा, रुळाशेजारून जाणारा लोखंडी जिना. खाली जाळीवर एक चप्पल, दोन केसांचे क्लिप आणि चष्म्याची एक काडी. ज्या उतारावर मी जीव मुठीत धरला होता तो जेमतेम दोन मजल्यांचा निघाला. शेजारच्या बाई मघाशी देवाचा धावा करत होत्या. त्यांनी मान वर करून सगळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “एवढंच होय?” त्यांच्या आवाजात फसवणूक झाल्याचा सूर होता. तिथल्या माणसाने एकेकाचा मांडीवरचा, जागेवर धरून ठेवणारा दांडा हाताने सोडवला आणि आम्हाला जिन्यावरून खाली नेलं. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या टप्प्यावर शंका आली की मागची गाडी आपोआप थांबते, 1959 पासून हेच अपेक्षित आहे.

पण सगळे थांबे असे गमतीचे नसतात. कॅनडातल्या वेस्ट एडमंटन मॉलमध्ये 1985 साली ‘माइंडबेंडर’ सुरू झाला. तीन उभ्या फिरक्या, तेही छताखाली, कारण बाहेर हिवाळा भयंकर. 14 जून 1986 रोजी त्याच्या शेवटच्या डब्याची चाकं निसटली, तिघांचा मृत्यू झाला आणि एक जण गंभीर जखमी झाला. नंतर गाड्यांची रचना बदलली, खांद्यावरून येऊन अंग धरून ठेवणारे अडथळे बसवले. बसल्यावर कर्मचारी एकेका दांड्याला हिसका देऊन पाहतो, उंचीच्या पट्टीखाली मूल दोन बोटं कमी भरलं तर रडलं तरी परत पाठवतो, ते अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर बघावं. दांडा पोटावर बसून उपयोग नाही. तो मांड्यांवर, कमरेच्या हाडांजवळ बसायला हवा आणि फार लहान मुलाच्या शरीरावर तो तसा बसत नाही. फ्लोरिडाच्या ‘स्पेस माउंटन’ला ही मर्यादा 112 सेंटिमीटर आहे. हृदयविकार, मान-पाठीचं दुखणं, गरोदरपण यांच्या सूचनाही तिथेच लिहिलेल्या असतात आणि त्या वाचण्यासाठी असतात.

पुढचं वळण 1996 सालचं. अमेरिकेतल्या किंग्ज आयलंड आणि किंग्ज डोमिनियन या दोन पार्कांत ‘फ्लाइट ऑफ फिअर’ नावाचे जुळे कोस्टर उघडले. विद्युतचुंबकांच्या जोरावर गाडी फेकणारे हे जगातले पहिले कोस्टर, आणि दोन्ही बंद इमारतीत. चढ नाही, साखळी नाही. गाडी उभ्याउभ्या सुटते आणि चारेक सेकंदांत ताशी 87 किलोमीटरवर जाते. छताखाली उंच टेकाड बांधायला जागा नसते, ती अडचण विजेने सोडवली. सुरुवातीला तिथे खांद्यावरचे अडथळे होते आणि त्यावर लोकांची डोकी आपटत. न दिसणाऱ्या वळणासाठी मान सावरणार कशी? 2001 मध्ये ते काढून नुसता मांडीवरचा दांडा ठेवला, तेव्हा लोकांचा जीव भांड्यात पडला. खांद्यावरचा अडथळा असलेल्या गाडीत बसायची वेळ आलीच तर डोकं मागे टेकवून ठेवावं, पुढे झुकवू नये.

तेव्हापासून सुसाट सुटणं हेच बंदिस्त कोस्टरचं चलनी नाणं झालं. पॅरिसच्या डिस्नेलँडने 1995 मध्येच आपल्या ‘स्पेस माउंटन’ला तोफेसारखी सुरुवात, डोकं खाली करणाऱ्या तीन फिरक्या आणि प्रत्येक वळणाशी जुळवलेलं संगीत दिलं होतं. फ्लोरिडात 1999 साली आलेला ‘रॉक अँड रोलर कोस्टर’ 2.8 सेकंदांत ताशी 90च्या वर जातो. 2022चा ‘कॉस्मिक रिवाइंड’ तर मागे तोंड करून फेकतो आणि वाटेत डबेच फिरवतो. मधे 2015च्या सुमारास डोळ्यांवर आभासी चित्रांचे चष्मे लावायची टूम निघाली होती. बऱ्याच ठिकाणी ती मागे पडली. दर फेरीला चष्मे पुसा, बांधा, तपासा, आणि रांग तिथेच. शिवाय चित्र आणि कान यांचं जरा फाटलं की मळमळतं. मोठ्या पडद्यांच्या कोस्टरमध्येही हेच होतं. गरगरायला लागलं तर पडद्यावरची नजर काढून समोरच्या दांड्यावर ठेवावी.

राहता राहिला शेवट. आताचे ब्रेक बहुधा चुंबकाचे असतात: धातूची पट्टी चुंबकांमधून जाते आणि तिच्यात तयार होणारे विद्युतप्रवाह गाडीला मागे खेचतात. त्याला बाहेरची वीज लागत नाही, घासण्याचा आवाज येत नाही. फक्त छातीवर मऊ, लांब ओढ बसते. पूर्ण थांबवणं या ब्रेकांना जमत नाही, ते काम हवेच्या दाबाचे ब्रेक करतात, म्हणून मागाहून ‘फुस्स’ ऐकू येतं. मग गाडी स्थानकाच्या अलीकडे काळोखातच उभी राहते, कारण पुढची अजून रिकामी होत असते. लोक हात खाली घेतात, केस सारखे करतात, हसतात. फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल पार्कच्या ‘रिव्हेंज ऑफ द ममी’ने 2004 मध्ये नेमकी हीच सवय हेरली. तिथे गाडी एका स्थानकात शिरते, दिवे असतात, आता उतरायचं असं वाटतं आणि तेवढ्यात छतावर आग पसरते, गाडी पुन्हा सुटते. तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी मांडीवरचा दांडा उघडलाय का, ते बघून घ्यावं.