एकेरी वीण आणि पिळाची वीण: तारेच्या दागिन्यात कुठली कुठे?

टोपलीच्या धर्तीवर तारेचं पेंडंट किंवा कानातलं विणायला घेतलं की पहिला गोंधळ याच दोन विणींचा होतो. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायचं असेल तर एकच उभी तार (जिच्याभोवती वीण घालतात ती सांगाड्याची जाड तार) धरा आणि वरून खाली बघत या. विणीची तार तिच्या पुढून एक ओळ सोडून एक जात असेल तर वीण एकेरी. प्रत्येक ओळीत जात असेल तर पिळाची.

एकेरी विणीत एकच बारीक तार एका उभ्या तारेच्या पुढून, दुसरीच्या मागून अशी फिरत राहते. गोल विणायचं तर उभ्या तारा विषम हव्यात: ७, ९, ११. ८ घेतल्या तर दुसऱ्या फेरीतही तार नेमकी त्याच जागी पुढे येते आणि वीण पडतच नाही. सपाट पट्टीला ही अट नाही, कारण कडेला वळताना क्रम आपोआप उलटतो.

पिळाच्या विणीत दोन तारा जोडीने चालतात. एक उभ्या तारेच्या पुढून, दुसरी मागून, आणि पुढची उभी तार येण्याआधी दोघी जागा बदलतात. त्या पिळात प्रत्येक उभी तार पक्की अडकते. सम-विषमाची भानगडच नाही. एका ओळीला उजवा आणि पुढच्या ओळीला डावा पीळ दिला तर बाणांची नक्षी उमटते. अमेरिकन कारागीर मेरी ली हू यांचे सोन्याच्या तारेचे दागिने याच विणीसाठी ओळखले जातात.

दोन तारा दिसल्या म्हणजे पिळाची वीण, असं मात्र समजू नका. सम उभ्या तारांवर दोन स्वतंत्र तारा एकीमागे एक चालवता येतात, पहिली जिथे पुढून गेली तिथे दुसरी मागून. त्या एकमेकींना पीळ घालत नाहीत, म्हणून ती एकेरी वीणच.

माझं मत विचाराल तर तारेत सुरुवात पिळानेच करावी. वेताची किंवा विलो झाडाची काडी भिजवून विणतात आणि वाळली की ती आपला आकार धरून बसते. तार गुळगुळीत, तिला वाळणं ठाऊक नाही, त्यामुळे नुसत्या एकेरी विणीत उभ्या तारा सरकतात आणि त्यांच्यातलं अंतर बिघडतं. टोपलीच्या बुडाशीही काड्या फाकवून धरायला आधी पिळाच्या फेऱ्या घालतात. तेच करा: पहिल्या दोन-तीन ओळी पिळाच्या, मग हवी तर एकेरी. एकेरीत तार कमी लागते आणि हातही भरभर चालतो.

पिळासाठी दोन तुकडे घेऊ नका. एकच लांब तार दुमडून पहिल्या उभ्या तारेत अडकवा, पण दुमड बरोबर मध्यावर नको. थोडी बाजूला असली की दोन्ही टोकं एकाच जागी संपत नाहीत आणि जोड लपवता येतो. उभ्या तारा १ मिलिमीटरच्या आसपास, विणीची ०.३ ते ०.४ मिलिमीटर, तीही मऊ. पिळात तार सारखी वळते, कडक होते आणि मग तुटते. साधं तांबं मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ पडतं. रंगीत लेप असलेल्या तारेला हा उपाय नाही, तिचा लेपच जळतो.