ऑक्सिजनचं मशीन आणि बायपॅप: नळी सारखी, काम वेगळं

कोरोनाच्या लाटेत अनेक घरांनी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर घेतला. त्यामुळे आता डुशेनसारख्या आनुवंशिक स्नायुविकाराच्या पोराची रात्री घालमेल सुरू झाली, की घरचे आधी तेच मशीन शोधतात. इथेच घात होतो.

काँसन्ट्रेटर खोलीतली हवा ओढतो, झिओलाइटच्या दाण्यांत नायट्रोजन अडवतो आणि 90 ते 95 टक्के ऑक्सिजन नळीतून सोडतो. छाती फुगवायचं काम मात्र पोरालाच करावं लागतं. न्यूमोनियात फुप्फुस बिघडलेलं असतं, तिथे हे मशीन कामाचं. डुशेनमध्ये फुप्फुस बहुधा धड असतं, लोहाराचा भाता ओढणारे हातच थकलेले असतात. बायपॅप हे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन. ते साधीच हवा देतं, पण श्वास घेताना जास्त दाबाने आणि सोडताना कमी दाबाने. म्हणजे भाता ओढायला दुसरा माणूस लागला.

नुसता ऑक्सिजन लावला, की बोटावरचं ऑक्सिमीटर 97 दाखवतं आणि घर निर्धास्त झोपतं. पण श्वास उथळच राहिल्याने कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि तो ऑक्सिमीटरला दिसतच नाही. रक्तात त्याचा दाब पाऱ्याच्या 35 ते 45 मिलिमीटर इतका असायला हवा; पुढे गेला, की गुंगी येते. ‘आज शांत झोपलंय’ असं वाटतं ती बरेचदा हीच गुंगी. ऑक्सिजन वर्ज्य नाही. छातीत संसर्ग झाल्यास डॉक्टर तो बायपॅपला जोडून, कार्बन डायऑक्साइड तपासत देतात.

व्हीलचेअरवरचं पोर पळत नाही, म्हणून दम लागल्याची तक्रारही करत नाही. खुणा वेगळ्या असतात: सकाळी उठल्या उठल्या ‘डोकं दुखस’, रात्री सारखी कूस बदलून मागणं, वर्गात पेंग, ताटातली भाकरी अर्धी तशीच. उताणं झोपवून पोट पाहा. श्वास घेताना पोट वर यायला हवं. आत जात असेल तर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू, दुबळं झालंय. (एसएमए या दुसऱ्या आनुवंशिक आजारात अनेकदा उलटं दिसतं: पोट वर, छाती आत.)

स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकायच्या तपासणीत, एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर सोडलेली एकूण हवा) अपेक्षेच्या 50 टक्क्यांखाली गेली, की रात्रीच्या बायपॅपचा विचार लक्षणं नसतानाही करतात. खोकल्याचा जोर मिनिटाला 270 लिटरपेक्षा कमी असेल, तर कफ काढायची सोयही लागते.

मशीन एसटी मोडचं घ्या. लालपरीचा संबंध नाही. पोराने श्वास घेतला नाही, तर हे मशीन ठरलेल्या वेळी स्वतः देतं. सीपॅप स्वस्त पडतं, पण एकाच दाबाने थकलेल्या स्नायूंचं ओझं उतरत नाही. दाब डॉक्टरांनीच ठरवायचे. मास्कवर बारीक छिद्रं असतात, तिथून हवा गळते म्हणून चिकटपट्टी लावू नका. सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो.

बायपॅप नीट बसलं, तर बहुधा सकाळची डोकेदुखी आधी थांबते, मग भूक आणि शाळेतलं लक्ष परततं. पहिले काही दिवस पोर मास्क ओढून फेकेल. दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास लावून सवय करा.

जिनिंगच्या दिवसांत कापसाची धूळ फिल्टरमध्ये बसते. धुता येणारा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवूनच लावा. मे महिन्यात वीज गेली, की इन्व्हर्टरवर ह्युमिडिफायरचा (हवा ओलसर करणाऱ्या भागाचा) हीटर बंद ठेवा, सर्वांत जास्त वीज तोच खातो. आणि अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, उशाशीच असू द्या; ती दाबायची कशी, हे घरातल्या दोघांनी तरी आधीच शिकून घ्यावं.