हार्डवेअर लॉक

हार्डवेअर लॉक म्हणजे सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरला बांधून ठेवायची पद्धत. प्रोग्रॅम सुरू होताना आधी मशीनच्या पार्टांचे नंबर वाचतो, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, मदरबोर्ड, जे काय हाताला लागेल ते, आणि लायसन देताना नोंदवलेल्या नंबराशी ताडून बघतो. जुळलं तर उघडतो, नाहीतर एक चौकट दाखवून बंद. आमच्या गोव्यात दुकानदार, अकाउंटवाले, डीटीपीवाले याला सरसकट "लॉक"च म्हणतात, मग तो पोर्टात खोचायचा डोंगल असो की डिस्कच्या नंबरावर बनवलेली की (किल्लीसारखा कोड) असो.

मशीनच्या नंबरावर चालणाऱ्या सगळ्या लॉकांत प्रश्न एकच असतो, हे तेच मशीन का? आणि अडचणही एकच, मशीनला आधार कार्ड नसतं. इंटेलने ते द्यायचा प्रयत्न केला होता, १९९९ साली पेंटियम ३ च्या प्रोसेसरमधे ९६ बिटांचा सिरीयल नंबर घातला, पण नेटवर माणसांचा माग काढायला तो वापरता येईल म्हणून एवढी बोंबाबोंब झाली की पुढच्या प्रोसेसरांत तो काढूनच टाकला. तेव्हापासून प्रत्येक कंपनी दोन-चार पार्टांचे नंबर गोळा करून आपापली ओळखपत्रं बनवते.

फ्लॉपी, सीडी आणि ड्राइव्ह तपासणं

सुरुवात फ्लॉपीपासून. लोटस १-२-३ सारखा प्रोग्रॅम हार्ड डिस्कवर टाकला तरी चालू करताना मूळ फ्लॉपी ए ड्राइव्हमधे असावीच लागायची, तिला की डिस्क म्हणत. त्या फ्लॉपीवर मुद्दाम एखादा सेक्टर (साठवणीचा छोटा तुकडा) खराब किंवा वेडावाकडा लिहिलेला असे, साध्या कॉपीत तो उतरायचा नाही आणि प्रोग्रॅम नेमका तोच वाचायला जायचा. आवाजावरूनच कळायचं, घर्रर्र झालं की तपासणी चाललीय.

सीडी आल्यावर गेमवाल्यांनी हाच खेळ पुढे नेला. सगळ्यात साधी तपासणी अशी की प्रोग्रॅम ए पासून झेड पर्यंत सगळी ड्राइव्ह अक्षरं फिरतो, प्रत्येकाला विंडोजच्या गेटड्राइव्हटाइप फंक्शनने विचारतो तू कोण. उत्तर आकड्यात येतं, २ म्हणजे काढता येणारं, ३ म्हणजे फिक्स डिस्क, ४ नेटवर्क, ५ सीडी. ५ मिळालं की त्या सीडीचं लेबल बघायचं, आपलं असेल तर चालू. सीडीची इमेज (हुबेहूब नक्कल असलेली फाइल) करून व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या खोट्या ड्राइव्हला लावली तर तोही ५ च सांगतो, त्यामुळे ही तपासणी नावापुरतीच होती. शिवाय काही जुन्या विंडोजवर असा फेरफटका मारताना रिकाम्या कार्ड रीडरला हात लागला की "ड्राइव्हमधे डिस्क नाही, डिस्क घाला" असा मेसेज उगाच यायचा आणि माणूस बिचारा कुठली डिस्क म्हणून शोधत बसायचा.

मग सेफडिस्क, सेक्युरॉम, स्टारफोर्स ही जाडजूड प्रोटेक्शनं आली, काहींनी तर विंडोजच्या पोटात स्वतःचा ड्रायव्हरच बसवला. सेफडिस्कचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका आहे म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज १० मधे तो चालूच दिला नाही, त्यामुळे पैसे मोजून घेतलेल्या कितीतरी जुन्या ओरिजिनल सीडी आज नवीन विंडोजवर चालत नाहीत आणि क्रॅक केलेली, म्हणजे लॉक तोडलेली कॉपी मजेत चालते. ही उलटी गंगा या विषयात पावलोपावली दिसते.

डिस्कचे दोन नंबर

डिस्कचा नंबर म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि कस्टमर-कंपनीची निम्मी भांडणं तिथूनच निघतात.

पहिला व्हॉल्यूम सिरीयल नंबर. हा ३२ बिटांचा, आठ हेक्स अक्षरं (० ते ९ आणि ए ते एफ) आणि मधे एक डॅश. कमांड प्रॉम्प्टवर व्हॉल सी: टाइप केलं की समोर येतो. हा डिस्क बनवणाऱ्या कारखान्यात पडत नाही, फॉरमॅट करताना त्या घडीची तारीख आणि वेळ मिसळून बनतो आणि पार्टिशनच्या बूट सेक्टरमधे, म्हणजे अगदी पहिल्या तुकड्यात लिहिला जातो. म्हणजे लोखंडाशी याचा काहीएक संबंध नाही. तीच डिस्क, तेच मशीन, तोच मालक, फक्त विंडोज बिघडली म्हणून फॉरमॅट मारला की नंबर नवा आणि सॉफ्टवेअर म्हणणार मी तुम्हाला ओळखत नाही. उलट ज्याला फसवायचंय त्याला सिसइंटर्नल्सचं व्हॉल्यूमआयडी नावाचं छोटं फुकट टूल पुरतं, हवा तो नंबर लिहा आणि रीस्टार्ट करा.

आणखी गंमत क्लोनिंगची. एखाद्या इन्स्टिट्यूटच्या लॅबमधे ३० पीसी असतात, एकावर सगळं नीट बसवायचं आणि त्या डिस्कची इमेज बाकीच्या २९ वर उतरवायची. इमेजसोबत बूट सेक्टरही जातो, त्यातला नंबरही जातो, म्हणजे ३० मशीनांचा व्हॉल्यूम सिरीयल एकच आणि एका लायसनवर तीसही चालू. तरी प्रोग्रॅमर लोकांना हाच नंबर आवडतो कारण एका फंक्शनात मिळतो आणि ॲडमिनचे राइट्स लागत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की २०-२५ वर्षांत छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांनी केलेला हा सगळ्यात आळशी निर्णय.

दुसरा नंबर खरा, कंपनीने डिस्कच्या फर्मवेअरमधे (डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममधे) घातलेला आणि वरच्या स्टिकरवर छापलेला. डिस्कला आयडेंटिफाय डिव्हाइस ही एटीए (डिस्कशी बोलायची ठरलेली पद्धत) कमांड पाठवली की ती मॉडेल, फर्मवेअर आणि २० अक्षरांपर्यंतचा सिरीयल सांगते. फॉरमॅटने हा बदलत नाही. पण याचीही दुखणी आहेत. एटीएमधे अक्षरं जोडी-जोडीने उलटी येतात, ती प्रोग्रॅमरने सुलटी करायची असतात, आणि विंडोजचं एक व्हर्जन सुलटी करून देतं तर दुसरं उलटीच ठेवतं, मग विंडोज अपग्रेड केली की डिस्क तीच असून प्रोग्रॅमला वेगळी वाटते. यूएसबी केसमधे घातलेली डिस्क कधीकधी केसच्या चिपचा नंबर सांगते, आणि रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) मागची डिस्क तर दिसतच नाही.

आमच्या आतेभावाचं डिचोलीत डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, नाटकांची हँडबिलं. मराठी आणि कोंकणी दोन्ही देवनागरीतच त्यामुळे दोन्हीला एकच फॉंट पॅकेज, आणि ते सी ड्राइव्हच्या नंबरावर लॉक केलेलं. एका वर्षी परतीच्या पावसाचा गडगडाट झाला, लाइट गेली, आली, परत गेली, आणि हार्ड डिस्क टकटक करायला लागली. नवीन डिस्क आणली, विंडोज टाकली, पॅकेज टाकलं, त्याने रिक्वेस्ट कोड दाखवला आणि तिथेच बसलं. साखळी गावच्या त्रिपुरारी पौर्णिमेच्या नाटकाचं हँडबिल दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसला द्यायचं होतं. आतेभावाने, म्हणजे आमच्या दादाने कंपनीला फोन लावला, पलीकडे एक मॅडम होत्या, कोड अक्षर अक्षर करून सांगायचा. दादा सांगतोय, "बी बार्देशचा, सी काणकोणचा, डी डिचोलीचा." पलीकडे शांतता. मग मॅडम म्हणाल्या, "सर, डिचोली म्हणजे बिचोलिमच ना? मग बी लिहू का डी?" आता हे आमच्या गावाचं पोर्तुगीज काळापासूनचं दुखणं, बोलायचं डिचोली आणि इंग्रजी पाटीवर बिचोलिम, ते त्या मॅडमना काय माहीत. चार वेळा की आली, तीन वेळा चुकीची निघाली, शेवटी "डी डॉगचा" म्हटल्यावर उघडलं. हँडबिल गेलं वेळेत, पण "तुमच्या या वर्षीच्या की संपल्या, पुढची चार्जेबल" असंही ऐकवलं. ज्या माणसाने बिल घेऊन माल घेतला त्याला आपल्याच डिस्कच्या मरणाचा हिशोब द्यावा लागला.

यामागचं यंत्र सोपं आहे. प्रोग्रॅम गोळा केलेले नंबर हॅश करून, म्हणजे उलटं काढता येणार नाही असं गणित करून, छोटा कोड बनवतो, तो रिक्वेस्ट कोड. कंपनी आपल्याकडच्या गुप्त फॉर्म्युल्याने त्यावरून की काढून देते. तोच फॉर्म्युला प्रोग्रॅममधेही असेल, आणि तपासायला तो बऱ्याचदा असतोच, तर कोणीतरी तो उचकटून कीजेन, म्हणजे की काढून देणारा प्रोग्रॅम बनवतो. शहाण्या कंपन्या कीवर डिजिटल सही करतात, सही करायची खाजगी की त्यांच्याकडेच राहते आणि प्रोग्रॅममधे नुसती तपासायची की असते, मग कीजेन बनत नाही.

किती बदललं तर मशीन बदललं?

या प्रश्नाला सगळ्यात विचार करून दिलेलं उत्तर विंडोज एक्सपीच्या ॲक्टिव्हेशनमधे सापडतं. २००१ सालचं. त्यात एकाच नंबरावर भरवसा न ठेवता दहा गोष्टी घेतल्या होत्या, व्हॉल्यूम सिरीयल, नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, सीडी ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरचा नंबर आणि मॉडेल, हार्ड डिस्क, आयडीई आणि स्कझी कंट्रोलर (डिस्क जोडायची सर्किटं), रॅम किती ते. प्रत्येकाचा पूर्ण नंबर न ठेवता हॅशचे थोडेसेच बिट ठेवायचे, रॅमला ३, व्हॉल्यूम सिरीयलला १०, म्हणजे त्यावरून तुमची खरी डिस्क कोणती हे उलटं काढता येत नाही. मग जणू मतमोजणी. ठराविक पार्ट जुने राहिले तर मशीन तेच, नेटवर्क कार्डाच्या मताला वजन जास्त. रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड बदललं तर कुरकुर नाही, पण फार बदललं की परत ॲक्टिव्हेट करा, नेट नसेल तर ५० आकडी नंबर फोनवर वाचा. लोकांनी तेव्हा शिव्याच घातल्या, पण एका फॉरमॅटला मान टाकणाऱ्या लॉकपेक्षा हे कितीतरी माणुसकीचं होतं.

बाकीच्या नंबरांचं थोडक्यात. मॅक ॲड्रेस ४८ बिटांचा, पहिले २४ बिट कंपनीचे, सेटिंगमधून बदलता येतो, आणि लॅपटॉपला वायफाय, लॅन, ब्लूटूथ, व्हीपीएन अशी चार-पाच कार्डं असतात, त्यातलं "पहिलं" कोणतं हे नेट डोंगल लावल्यावर बदलू शकतं. आर्किटेक्टच्या ऑफिसात लायसन सर्व्हरला (सगळ्या मशीनांना लायसन वाटणाऱ्या कॉम्प्युटरला) "होस्ट आयडी" म्हणून बहुतेक हाच देतात. मदरबोर्डचा १२८ बिटांचा युयुआयडी (बोर्डाचा ओळख नंबर) कागदावर सगळ्यात छान, पण म्हापशाच्या बाजारातनं असेंबल करून आणलेल्या पीसीचा बोर्ड सिरीयल विचारा, बऱ्याचदा "टू बी फिल्ड बाय ओईएम" (मशीन बनवणाऱ्याने भरावा) असंच उत्तर येतं, कारण भरायचं काम कोणी केलेलंच नसतं. त्या वाक्यालाच सिरीयल समजून लॉक बनवणारे महाभागही आहेत. आणि व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला कॉम्प्युटरातला कॉम्प्युटर) असेल तर सगळंच फोल, फाइल कॉपी केली की डिस्क, बोर्ड सगळ्यांचे नंबर सोबत जातात, म्हणून काही प्रोग्रॅम ०८-००-२७ (व्हर्च्युअलबॉक्स) किंवा ००-१५-५डी (हायपर-व्ही) ने सुरू होणारा मॅक दिसला की चालायलाच नकार देतात.

डोंगल

डोंगलने हा ओळख पटवायचा वादच संपवला, मशीन कुठलंही असो, कंपनीने दिलेली वस्तू लावली की चालू. आधी तो पॅरलल पोर्टात बसायचा, मागे प्रिंटरची केबल, म्हणजे प्रिंटरचा डेटा डोंगलमधूनच जायचा आणि प्रिंट अडकली की आधी डोंगल काढून बघायचा. नंतर यूएसबी. जुन्यांत छोटी मेमरी आणि तिच्यात एक नंबर एवढंच, नव्यांत एन्क्रिप्शनची चिप असते, प्रोग्रॅम दर वेळी वेगळा आकडा विचारतो आणि चिप आतल्या गुप्त कीने उत्तर काढून देते, त्यामुळे ऐकून ठेवलेलं उत्तर दुसऱ्यांदा चालत नाही.

गोव्यात डोंगलचा शत्रू खारी हवा. किनाऱ्याजवळच्या ऑफिसात दोन पावसाळे गेले की पिनांवर हिरवं चढतं, मग लायसन गायब. उपाय म्हणजे खोडरबराने पिना घासायच्या, हे कुठल्या मॅन्युअलमधे नसलं तरी सगळ्यांना माहीत. दुसरी भीती हरवायची. डोंगल हरवला म्हणजे लायसन हरवलं असं बरेच विक्रेते मानतात आणि नवीन घ्या म्हणतात. त्यामुळे कोणी कॅबिनेटच्या आत लावून वर स्क्रू मारतो, कोणी रोज रात्री गल्ल्यात ठेवतो.

तोडणं आणि कायदा

लॉक कितीही हुशार असला तरी शेवटी प्रोग्रॅममधे एक जागा अशी येते जिथे "जुळलं का?" याचं हो किंवा नाही ठरतं. ती एक उडी (पुढे कुठे जायचं ते सांगणारी सूचना) उलटी केली की झालं, पूर्वी कित्येकदा एका बाइटचं काम असायचं. म्हणून आता तपासणी दहा ठिकाणी लपवतात, कोड गुंडाळून ठेवतात, किंवा सरळ लॉगिन आणि महिन्याचं भाडं, म्हणजे अर्धा प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरवरच. क्रॅक शोधत फिरणाऱ्याला सॉफ्टवेअरसोबत व्हायरस फुकट मिळतो हे वेगळं.

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा. पायरेटेड प्रोग्रॅम माहीत असून वापरला तर कलम ६३ब खाली ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ आलं, कॉपीराइटचा भंग करायच्या हेतूने लॉक तोडला तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द इथे महत्त्वाचा, कायद्याने मना नसलेल्या कामासाठी केलं तर त्याच कलमात सूट आहे. कलम ५२ प्रमाणे प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला खराब होण्या-हरवण्यापासून बचाव म्हणून बॅकअप कॉपी करता येते, फक्त त्या कॉपीला लॉक ओळखेल का हे कायदा सांगत नाही.

फॉरमॅट मारायच्या आधी प्रोग्रॅममधे डीॲक्टिव्हेट किंवा लायसन ट्रान्सफर असं काही बटण आहे का ते बघावं, आणि व्हॉल सी: मारून आलेला नंबर बिलाच्या मागे लिहून ठेवावा. आतेभावाने तो दुकानातल्या गणपतीच्या फोटोखाली चिकटवलाय, डी च्या पुढे कंसात "डॉग".