कोनाटस: 'प्रयत्न' या अर्थाच्या एका लॅटिन शब्दाची पार्श्वभूमी

सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा, त्याचं 'एथिक्स' (नीतिशास्त्र) वाचायला घेतलं की तिसऱ्या भागातल्या सहाव्या विधानापाशी वाचणारा हमखास थांबतो. तिथे लिहिलंय की प्रत्येक वस्तू, जितकं तिच्या हातात आहे तितकं, आपल्या अस्तित्वात टिकून राहायचा प्रयत्न करते. आता प्रत्येक वस्तू म्हणजे फक्त माणूस नाही, मांजरही, झाडही आणि दगडही. मग दगड कसला प्रयत्न करतो? मूळ लॅटिनमध्ये तिथे 'कोनातुर' हे क्रियापद आहे आणि लगेच सातव्या विधानात त्याचं नाम येतं, कोनाटस. या शब्दाला जिद्द किंवा इच्छाशक्ती समजून कोणी पुढे गेला तर सगळा स्पिनोझा त्याला मोटिव्हेशनल भाषणासारखा वाटायला लागतो, आणि तो तसा अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की स्पिनोझाच्या हातात येईपर्यंत या शब्दातून 'हेतू' पार काढून टाकलेला होता, आणि तो कुणी, कसा काढला ते कळलं की दगडाचं कोडं सुटतं.

मुळात हा रोजच्या वापरातला साधा शब्द. कोनोर म्हणजे मी प्रयत्न करतो, आणि गंमत अशी की या क्रियापदाचं रूप कर्मणी आहे पण अर्थ मात्र कर्तरी, लॅटिन शिकणाऱ्यांना अशी क्रियापदं सुरुवातीला फार छळतात. त्यावरून कोनाटस म्हणजे प्रयत्न, धडपड, आणि 'कोनाता' म्हणजे हाती घेतलेलं काम, मनसुबा. सीझरने गॉलच्या युद्धाचं वर्णन लिहिलंय त्याच्या अगदी सुरुवातीला ऑर्गेटोरिक्स नावाचा हेल्वेती टोळीचा सरदार आपल्या साथीदारांना पटवून देतो की आपले मनसुबे तडीला नेणं फार सोपं आहे, तिथे हाच 'कोनाता' शब्द आहे (त्याचे मनसुबे काही तडीला गेले नाहीत). लॅटिन व्याकरणात तर या अर्थाचा भूतकाळच आहे, म्हणजे 'तो देत होता' असं वाक्य असलं तरी संदर्भाने त्याचा अर्थ 'तो द्यायला बघत होता' असा घ्यायचा, दिलं गेलं की नाही ते वेगळं. सुरू झालंय पण पुरं झालेलं नाही ही छटा या शब्दाला पहिल्यापासून चिकटलेली आहे, ती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तत्त्वज्ञानात या शब्दाला आणलं सिसेरो या रोमन वक्त्याने आणि लेखकाने. इसवी सन पूर्व 45 च्या सुमारास तो ग्रीक विचार लॅटिनमध्ये आणायच्या मागे लागला होता आणि स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथातल्या 'होर्मे' या शब्दासाठी त्याला लॅटिन शब्द हवा होता. होर्मे म्हणजे प्राण्याच्या आतून येणारी ओढ, उर्मी. देवांच्या स्वरूपावरच्या त्याच्या ग्रंथात तो दोन शब्द एकत्र देतो, कोनाटस आणि आपेटिटिओ (म्हणजे ओढ), आणि सांगतो की ग्रीक लोक यालाच होर्मे म्हणतात. स्टोइकांचं म्हणणं असं की प्राणी जन्मल्या जन्मल्या त्याची पहिली ओढ सुखाची नसते, स्वतःला जपायची असते. क्रिसिपस या स्टोइकाचं हे मत तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजेनिस लाएर्टियसने नोंदवून ठेवलंय आणि सिसेरोनेही दुसऱ्या एका ग्रंथात केटो या रोमन स्टोइकाच्या तोंडी घातलंय. म्हणजे स्वतःला टिकवणं ही कल्पना स्पिनोझाच्या सतराशे वर्षं आधीच तयार होती, फक्त ती जिवंत प्राण्यांपुरती होती.

मधल्या काळाचं थोडक्यात सांगतो. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिडानने फेकलेल्या वस्तूबद्दल विचार करताना असं मांडलं की फेकणारा त्या वस्तूत काहीतरी जोर भरून देतो आणि त्या जोरावर ती पुढे जात राहते. इटलीतल्या कोसेन्झाच्या तेलेसिओने सोळाव्या शतकात स्वतःला टिकवायची ओढ सगळ्याच निसर्गाला लावली. निर्जीव वस्तूच्या आत काहीतरी आहे ही वाट अशी तयार होत होती.

खरी उलथापालथ केली देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने. 1644 साली ॲमस्टरडॅममध्ये त्याचा 'प्रिन्सिपिया फिलॉसॉफी' छापला गेला. त्याच्या तिसऱ्या भागात त्याला प्रकाश म्हणजे काय ते सांगायचंय. त्याच्या मते आकाश बारीक गोळ्यांनी भरलेलं आहे, ते गरगर फिरताहेत आणि मध्यापासून लांब जायचा 'प्रयत्न' करताहेत, तो दाब आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो तोच प्रकाश. आता निर्जीव गोळे प्रयत्न करतात म्हटल्यावर लोक विचारणारच, म्हणून छपन्नाव्या कलमात तो सरळ खुलासा करतो की या गोळ्यांना काही विचार आहे असं मला म्हणायचं नाही, ते अशा जागी आणि अशा ढकललेल्या स्थितीत आहेत की दुसऱ्या कुठल्या कारणाने अडवलं नाही तर ते तिकडे खरंच जातील, एवढाच अर्थ.

हे समजावायला तो गोफण घेतो. गोफणीत दगड फिरतोय, प्रत्येक क्षणी त्याला सरळ स्पर्शरेषेत निघून जायचंय, पण दोरी त्याला धरून आहे, म्हणून दोरी ताणलेली राहते आणि तो ताण हाताला जाणवतो. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून ज्याने गोफण फिरवलीय त्याला हे कोणी सांगायची गरज नाही, दोरीचं एक टोक सोडलं की दगड सुटतो तो सरळच सुटतो, गोल फिरत जात नाही. तर देकार्तच्या मते दोरीतला तो ताण येतो तो दगडाच्या कोनाटसमुळेच. दगडाला काही नकोय, काही हवंही नाही, फक्त त्याला अडवलेलं आहे. मला हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण वाटतो. प्रयत्न म्हणजे मनात काहीतरी धरून केलेली धडपड, हा अर्थ इथे तुटला आणि त्या जागी 'अडवलं नसतं तर जे झालं असतं ते' हा अर्थ बसला.

यानंतर हा शब्द भौतिकशास्त्रात चांगलाच रुळला. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने 1659 मध्ये केंद्रापासून लांब ढकलणाऱ्या बलावर लिहायला घेतलं त्याची सुरुवातच अशी आहे की गुरुत्व म्हणजे खाली जायचा कोनाटस. न्यूटनच्या 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त बादलीचा जो प्रसिद्ध प्रयोग आहे, दोरीला पिळ देऊन टांगलेली पाण्याची बादली सोडायची, सुरुवातीला बादली फिरते पण पाणी सपाट, मग पाणीही फिरायला लागतं आणि कडेने वर चढतं, तिथे न्यूटन म्हणतो की हे चढणं पाण्याचा अक्षापासून दूर जायचा कोनाटस दाखवतं. पण त्याच पुस्तकात त्याचं खरं काम 'व्हिस' म्हणजे बल या शब्दाने चाललंय, केंद्राकडे ओढणाऱ्या बलाला नवीन नाव त्यानेच दिलं, आणि हळूहळू बल, जडत्व, संवेग असे मोजता येणारे शब्द आल्यावर कोनाटस भौतिकशास्त्रातून निघून गेला.

इकडे हॉब्स या इंग्रज तत्त्वज्ञाने त्याच शब्दाला वेगळीकडे नेलं. 1655 च्या 'डे कॉर्पोरे'त त्याची व्याख्या अशी की कोनाटस म्हणजे इतक्या कमी जागेत आणि इतक्या कमी वेळात झालेली हालचाल की ती मोजताच येत नाही, जणू एका बिंदूतून एका क्षणात. म्हणजे देकार्तकडे जी नुसती अडवलेली शक्यता होती ती हॉब्सकडे खरोखरची पण अतिसूक्ष्म हालचाल झाली. आणि तीच त्याने माणसातही नेली होती. 'लेव्हायथन'मध्ये, 1651 साली, त्याने लिहून ठेवलंय की चालणं, बोलणं, मारणं हे बाहेर दिसायच्या आधी शरीराच्या आत हालचालीची जी बारीक सुरुवात होते ती एंडेव्हर, म्हणजे कोनाटससाठी त्याचा इंग्रजी शब्द. ती एखाद्या गोष्टीकडे असेल तर तिला भूक, वासना म्हणायचं आणि तिच्यापासून लांब असेल तर तिटकारा. म्हणजे प्रेम, द्वेष, इच्छा सगळं आतल्या बारीक हालचालींवर उभं केलं, आत्मा वगैरे कशाची गरजच ठेवली नाही.

जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लाइबनिझ तरुणपणी यावर फार खूष होता. 1670 मध्ये, चोविशीत असताना, त्याने ऐंशी पार केलेल्या हॉब्सला पत्र लिहिलं आणि पुढच्या वर्षी गतीवरच्या निबंधात मांडलं की बिंदूचं जागेशी जे नातं तेच कोनाटसचं गतीशी. त्यातच त्याचं ते वाक्य आहे की प्रत्येक शरीर म्हणजे क्षणापुरतं मन, ज्याला आठवण नाही. काय विचार आहे! कोनाटस वस्तूत एका क्षणापलीकडे टिकत नाही, तो साठवून ठेवायला मन लागतं, असा त्याचा मुद्दा. पुढे त्याची कॅल्क्युलसची कामं, 1684 पासून छापलेली, याच अतिसूक्ष्माच्या सवयीतून आली असं मला वाटतं, आणि 1695 च्या गतिशास्त्राच्या लेखात त्याने कोनाटसला दिशेसकट वेग असा नेमका तांत्रिक अर्थ दिला.

आता स्पिनोझा. 1632 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पोर्तुगीज ज्यू घरात जन्म, 1656 मध्ये समाजाने बहिष्कृत केलं, मग भिंगं घासायचं काम करत राइन्सबर्ग, फोरबर्ग, हेग असा राहिला. देकार्त त्याने इतका पक्का केला होता की 1663 मध्ये त्याच्यावरच पुस्तक छापलं, त्यामुळे गोफणीतला दगड त्याला तोंडपाठ असणार. सहावं विधान मूळात असं आहे: 'उनाक्वेक्वे रेस, क्वांटुम इन से एस्ट, इन सुओ एसे पर्सेव्हेरारे कोनातुर.' यातलं 'क्वांटुम इन से एस्ट', म्हणजे जितकं तिच्या स्वतःत आहे तितकं, हे शब्द देकार्तच्या गतीच्या पहिल्या नियमात जसेच्या तसे आहेत, आणि 'एथिक्स' छापल्यानंतर दहा वर्षांनी न्यूटननेही जडत्वाच्या व्याख्येत तेच वापरले. जडत्वाचा नियम आणि स्पिनोझाचं नीतिशास्त्र एकाच वाक्यरचनेवर उभं आहे हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

म्हणून दगडाचा प्रयत्न म्हणजे काय तर बाहेरच्या कुठल्या कारणाने मोडेपर्यंत तो आहे तसा राहतो, एवढंच. चौथ्या विधानात त्याने आधीच सांगून ठेवलंय की कुठलीही वस्तू बाहेरच्या कारणाशिवाय नष्ट होत नाही. आणि सातव्यात तो म्हणतो की हा कोनाटस म्हणजे त्या वस्तूचं प्रत्यक्ष सार, दुसरं काही नाही. माणूस आधी आहे आणि मग तो टिकायचा प्रयत्न करतो असं नाही, तो प्रयत्न हाच तो माणूस. नवव्या विधानाच्या टिपेत पुढची पायरी येते, की हाच कोनाटस नुसत्या मनाच्या बाजूने पाहिला तर त्याला संकल्प म्हणायचं, मन आणि शरीर दोन्ही धरून पाहिला तर वासना, आणि त्या वासनेची जाणीव असली की इच्छा. आणि मग ते वाक्य, की एखादी गोष्ट चांगली आहे म्हणून आपल्याला हवीशी वाटते असं नसून आपल्याला ती हवी असते म्हणून आपण तिला चांगली म्हणतो.

1674 च्या एका पत्रात त्याने यावर दगडाचंच उदाहरण दिलंय. फेकलेला दगड हवेत असताना विचार करायला लागला आणि आपण पुढे जायचा प्रयत्न करतोय हे त्याला कळलं, तर त्याला वाटेल की मी पूर्ण स्वतंत्र आहे, मला जायचंय म्हणून मी जातोय. माणसाचं स्वातंत्र्य, ज्याची सगळे फुशारकी मारतात, ते असंच आहे असं तो म्हणतो, इच्छा कळते पण तिची कारणं कळत नाहीत. देकार्तने दगडातून मन काढलं होतं, स्पिनोझाने दगडात मन घातलं तरी फरक पडत नाही हे दाखवलं. इथे जिद्दीला जागा कुठेय? 1677 च्या फेब्रुवारीत तो गेला, मित्रांनी त्याच वर्षी पुस्तक छापलं, लेखकाच्या नावाची फक्त आद्याक्षरं टाकून, आणि 1678 मध्ये हॉलंडच्या सरकारने त्यावर बंदी घातली.

त्याच्यानंतर नेपल्सच्या विको या तत्त्वज्ञाने या शब्दाला जवळजवळ उलटं केलं, त्याच्याकडे माणसाचा कोनाटस म्हणजे शरीराकडून मनावर येणाऱ्या ओढींना रोखून धरायची ताकद, म्हणजे अडवलं जाणं नाही तर अडवणं. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेला 1881 मध्ये स्पिनोझा सापडला तेव्हा तो हरखून गेला होता पण 1886 मध्ये त्यानेच लिहिलं की टिकून राहणं ही जिवाची मूळ ओढ नाहीच, जिवाला आपली ताकद बाहेर काढायची असते, टिकणं हा त्याचा एक परिणाम. मानसशास्त्रात जाणणं, वाटणं आणि करू पाहणं अशी जी जुनी त्रयी आहे त्यातल्या तिसऱ्याला कोनेशन हे नाव याच धातूवरून मिळालं. भाषाशास्त्रात रोमान याकोब्सनने 1960 मध्ये भाषेची सहा कार्यं सांगितली त्यातलं समोरच्याला काहीतरी करायला लावणारं, आज्ञार्थ आणि संबोधनाचं, ते कोनेटिव्ह. मेंदूवर काम करणाऱ्या अंतोनिओ दामासिओने तर शरीर स्वतःचा तोल सांभाळतं त्याच्याशी स्पिनोझाचा कोनाटस जोडलाय.

रोजच्या बोलण्यात हा शब्द इटालियन आणि स्पॅनिशमध्ये अजून आहे आणि तिथे ती रोमन काळची अर्धवटपणाची छटा शाबूत आहे. इटालियनमध्ये ओकारीची उबळ येते पण पोटातून काही पडत नाही त्याला कोनातो म्हणतात, स्पॅनिशमध्ये आग लागून पसरायच्या आत विझली तर ती 'कोनातो दे इन्सेंदिओ'. युरोपच्या फौजदारी कायद्यात गुन्ह्याच्या प्रयत्नाला वकील कोनाटसच म्हणत आले, जवळचा कोनाटस आणि लांबचा कोनाटस असे भेद करत, कारण तयारी कुठे संपते आणि प्रयत्न कुठे सुरू होतो हा तिथला जुना वाद आहे.

आपल्याकडचा कायदा इंग्रजांकडून आला, त्यात हा लॅटिन शब्द नाही, पण वाद तोच आहे. 1968 मधलं वसईजवळच्या खाडीचं प्रकरण बघा. रात्री जीप आणि ट्रकमधून चांदी खाडीपाशी आणली, काही लगडी खाली उतरवल्या होत्या, कस्टमवाल्यांनी धाड घातली आणि त्याच वेळी खाडीतून यांत्रिक होडीचा आवाज आला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, सेशन्स कोर्टाने ही नुसती तयारी म्हणून सोडलं, हायकोर्टाने तेच कायम ठेवलं, आणि 1980 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवून हा चांदी देशाबाहेर नेण्याचा प्रयत्नच आहे असं ठरवलं, चांदी होडीत चढलेली नसतानाही.