दाब स्वस्त, हवा महाग

वाळू-चिखलात जाताना टायरमधली हवा कमी करावी लागते आणि परतल्यावर ती भरायला गाडीत कॉम्प्रेसर, म्हणजे हवा भरणारा पंप, लागतो. तो कसा निवडायचा ते पाहू. थारसारखी गाडी चालकासह १,८०० किलोंची धरली, तर एकेका चाकावर ४५० किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड, हे दाबाचं माप) हवा असेल तेव्हा हा भार पेलायला टायरचा सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. म्हणजे जेमतेम १४ सेंटिमीटर बाजूचा चौरस. डांबरी रस्त्यावर तेवढं पुष्कळ झालं. जैसलमेरजवळच्या सम इथल्या वाळूत मात्र तेवढ्या जागेवरचा दाब वाळूला सोसत नाही आणि चाक रुतत जातं. हवा १६ पीएसआयवर आणली की टेकणारी जागा जवळपास दुप्पट होते. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे अगदी दुप्पट नाही, पण चाक वाळूवर तरंगल्यासारखं चालायला तेवढं पुरतं. टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो, त्यामुळे समोर वाळूचा ढीगही कमी साचतो. सह्याद्रीतल्या चिखलात आणि दगडधोंड्यांतही याचा फायदा होतो. (समुद्रकिनाऱ्यावर मात्र गाडी घालूच नये. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.)

हवा काढायला दोन-चार मिनिटं लागतात. खरा प्रश्न परत डांबरीवर आल्यावर उभा राहतो. कमी हवेचा टायर फिरताना दर फेऱ्यात चेपतो आणि सुटतो, आणि या चेपण्यातून रबरात उष्णता साठत जाते. तशाच टायरवर महामार्गाचा वेग धरला तर टायर आतून जळतो, फुटतो. जवळचा पंक्चरवाला चाळीस किलोमीटरवर असेल तर तिथपर्यंत जायचं कसं? म्हणून हवा भरण्याची सोय गाडीतच हवी. ती करताना बहुतेक जण दाबाच्या आकड्याकडे बघतात, आणि तिथेच निवड चुकते.

थोडा हिशेब करू. २४५/७५ आर१६ मापाच्या टायरच्या पोटात अंदाजे ७० लिटर जागा असते. १६ वरून ३२ पीएसआयवर जायचं म्हणजे आणखी १.१ वातावरण (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब) इतका दाब चढवायचा. त्यासाठी बाहेरची ७५ लिटर हवा आत कोंबावी लागते. चार टायरना ३०० लिटर. आता कॉम्प्रेसरच्या खोक्यावर ‘१५० पीएसआय’ असं ठळक छापलेलं असतं, पण आपल्याला ३२ च्या वर जायचंच नाही. छोट्या पिस्टनचं खेळण्यासारखं यंत्रही १५० गाठू शकतं, कारण पिस्टन लहान असला की दाब सहज चढतो. मिनिटाला किती लिटर हवा मिळते, तीही टायरचा ३० पीएसआय दाब समोर असताना, हा आकडा महत्त्वाचा. बरेचदा छापलेला आकडा नळी मोकळी असतानाचा असतो आणि दाबासमोर तो बराच घसरतो.

मिनिटाला ७० लिटर हवा ३२ पीएसआयपर्यंत दाबायला सिद्धांतानुसार १६० वॅट लागतात. मोटर आणि पिस्टनमधली गळती, घर्षण धरलं की प्रत्यक्षात याच्या दुप्पट. म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून २७ अँपिअरच्या आसपास. डॅशबोर्डवरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो. तेव्हा त्या सॉकेटवर चालणारा कॉम्प्रेसर कितीही चांगला बनवला तरी मिनिटाला ३०-३५ लिटरपलीकडे फारसा जाणार नाही. पंक्चर झालेल्या एका चाकासाठी तो उत्तम. चार टायरसाठी दहा मिनिटं तरी धरा, शिवाय मध्ये तो गार होण्यासाठी थांबणं आलंच.

तापण्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड चटका देतं, तसंच हे. हवा झपाट्याने दाबली की तिच्यावर केलेलं काम उष्णतेच्या रूपाने तिच्यातच राहतं. ३० अंश सेल्सिअसची हवा ३२ पीएसआयपर्यंत दाबली तर गणिताने ती १५० अंशांपर्यंत तापते. १५० पीएसआयपर्यंत दाबली तर ३३० अंशांपर्यंत. डिझेल इंजिनात ठिणगीविना इंधन पेटतं ते याच तत्त्वाने. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती बरीच उष्णता शोषून घेतात आणि हवा इतकी तापत नाही, पण मग त्या भिंती तापतात. म्हणून चांगल्या कॉम्प्रेसरला तापमान वाढलं की आपोआप बंद करणारा स्विच असतो आणि ‘इतकी मिनिटं चालवा, इतकी थांबवा’ अशी मर्यादा दिलेली असते. तो स्विच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. कॉम्प्रेसरमधून निघणारी पहिली हात-दीड हात नळी साधी प्लॅस्टिकची नको, पोलादी जाळीचं वेष्टण असलेली हवी.

बसवण्याची जागाही याच हिशेबाने ठरते. इंजिनाशेजारी मोकळी जागा दिसते, पण तिथली हवा ७० अंशांची असेल तर ती ३० अंशांच्या हवेपेक्षा १२ टक्के विरळ असते, म्हणजे दर मिनिटाला तेवढी हवा कमी मिळते. सीटखाली किंवा मागच्या डिकीच्या बाजूला, ओढ्याच्या पाण्याच्या पातळीच्या वर, कोरड्या जागी बसवणं बरं. मग वायर लांबते. कॉम्प्रेसर बॅटरीपासून चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर तांबं झालं. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ३० अँपिअरला दीड व्होल्टहून जास्त विजेचा दाब वाटेतच जिरतो. मोटर रेंगाळते आणि वायर तापते. दहा चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण तो वायरच्या रक्षणासाठी असतो. डॅशबोर्डवरच्या बटणातून एवढा प्रवाह न्यायचा नाही, बटणाने फक्त रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) चालवायचा. आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवायचं.

आता दाबलेली हवा साठवायची टाकी. गाडीखाली चकाकणारी टाकी पाहून मोह होतो, पण हिशेब बघा. १० लिटरची टाकी १५० पीएसआयवर भरली आणि ३५ पर्यंत वापरली, तर जेमतेम ८० लिटर हवा हाती येते. म्हणजे एक टायर. तोही महागात पडलेला, कारण तीच हवा १५० पर्यंत दाबायला थेट टायरमध्ये भरण्याच्या अडीचपट ऊर्जा लागते. टायर भरणं एवढाच हेतू असेल तर माझ्या मते टाकीचे पैसे मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये घालावेत. एकदम खूप हवा लागते तिथे टाकी उपयोगी पडते. रिमवरून निसटलेली टायरची कड परत बसवायला, किंवा नट सोडवणारा हवेवरचा पाना चालवायला. हवेवर चालणाऱ्या डिफरन्शियल लॉकला (डाव्या-उजव्या चाकांना एकाच वेगाने फिरवणाऱ्या यंत्रणेला) हवा फार थोडी लागते, पण ती बटण दाबताच हवी असते. त्याला छोटी टाकी पुरते.

टाकी बसवलीच तर दाबाचा स्विच, उलट हवा अडवणारा व्हॉल्व आणि सेफ्टी व्हॉल्व यांच्याविना नको. १५० पीएसआयच्या १० लिटर हवेत १० ते १७ किलोज्यूल ऊर्जा असते. १,८०० किलोंची गाडी अर्धा मीटर उचलायला ती पुरते. काही हौशी लोक पीव्हीसी पाइपची टाकी करतात. हे फार धोक्याचं आहे. पीव्हीसी ठिसूळपणे फुटतं आणि त्याचे तुकडे सुऱ्यांसारखे उडतात.

टाकीचा दुसरा शत्रू पाणी. जुलैतल्या कोकणात ३० अंशांना, ८० टक्के आर्द्रतेत, एक घनमीटर हवेत २४ ग्रॅम वाफ असते. वाफ मावण्याची मर्यादा तापमानावर आणि जागेच्या आकारमानावर ठरते, हवा किती कोंबली यावर नाही. १० लिटरची टाकी १५० पीएसआयवर भरताना ११२ लिटर हवा तिच्यात बसवली की तिच्यासोबत आलेल्या २.७ ग्रॅम वाफेपैकी गार झाल्यावर फक्त ०.३ ग्रॅम वाफ म्हणून राहते. उरलेलं पाणी तळाशी साचतं. एका वेळचं थोडंच, पण महिनाभराचं पुरेसं. पोलादी टाकी आतून, न दिसता गंजते. म्हणून पाणी काढायचा नळ सर्वांत खालच्या जागी हवा आणि तो नेमाने उघडायला हवा. हवेच्या ब्रेकवर चालणाऱ्या ट्रक आणि एसटीच्या टाक्यांनाही हाच त्रास असतो, म्हणून त्यांना हवा सुकवणारं उपकरण लावतात.

ट्रकसारखा इंजिनावर पट्ट्याने फिरणारा कॉम्प्रेसर हा हवेच्या दृष्टीने सर्वांत दणकट उपाय. अमेरिकेत जुन्या जीपवाल्यांनी एसीचा यॉर्क कंपनीचा कॉम्प्रेसर यासाठी वापरला. त्याला स्वतःची तेलाची पेटी असते, म्हणून तो हवेवर टिकतो. आजच्या एसी कॉम्प्रेसरना तेल गॅससोबत फिरून मिळतं. नुसत्या हवेवर ते कोरडे पडतात.

लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खारदुंग ला ही खिंड सुमारे ५,३५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याला येतो. पिस्टन दर खेपेला तितकीच जागा भरतो, पण तिच्यात हवा निम्मी असते. पुण्यात ३०० लिटरमध्ये झालेलं काम तिथे जवळजवळ ६०० लिटर मागतं. वेळ दुपटीहून जास्त लागतो, आणि विरळ हवेने कॉम्प्रेसर नीट गारही होत नाही.

टायरमधला दाब बाहेरच्यापेक्षा किती जास्त आहे हे दाखवणाऱ्या गेजचं मात्र तिथे विशेष बिघडत नाही. ३० अंशांत मुंबईत भरलेले ३२ पीएसआय त्या उंचीवर बाहेरचा दाब घटल्याने ३९ दिसायला हवेत, पण शून्य अंशांची थंडी त्यातले साडेचार परत घेते आणि गेज ३४-३५ दाखवतं. उलट, तिथे थंडीत ३२ भरून खाली मैदानात उतरलात, तर गार टायरमध्ये २९ च सापडतील. सपाटीवर आल्यावर, प्रवासाने टायर तापण्याआधी, सकाळीच तेवढी हवा पुन्हा भरून घ्यावी.