घोरणारं पोर आणि दिवसभराचा दंगा

‘आज्जावर गेलंय, घोरतंय बघा कसं!’ कोल्हापुरातल्या घरांत हे कौतुकानं बोललं जातं. पण पोर रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून, मान मागं ताणून झोपत असेल, मधेच आवाज बंद होऊन एकदम दचकून श्वास घेत असेल, तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढावा. राजारामपुरीतला खासगी दवाखाना असो की सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

नाकाच्या मागं अ‍ॅडिनॉइड, घशात दोन्ही बाजूंना टॉन्सिल. तीन ते सात वर्षांच्या सुमारास घशाच्या मानानं या गाठी मोठ्या असतात. झोपेत स्नायू सैल पडले की श्वासाची वाट आणखी अरुंद होते, ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू पोराला क्षणभर जागं करतो. रात्रभर हेच चालतं. अशा झोपेनंतर मोठा माणूस पेंगतो, लहान मूल उलट जास्तच उधळतं. चिडचिड, एका जागी न बसणं, कधी अंथरूण ओलं करणं, आणि शाळेतून ‘लक्ष नसतं’ची तक्रार.

मग गाठी काढल्या की पोर सुधारतं का? झोपेत श्वास अडणाऱ्या 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांवर अमेरिकेत चाचणी झाली. निष्कर्ष 2013 मध्ये आले. निम्म्यांचं ऑपरेशन लगेच, बाकीच्यांवर नुसती देखरेख. सात महिन्यांनी एकाग्रतेच्या परीक्षेत दोन्ही गट जवळपास सारखेच. वागणूक आणि झोपेत मात्र ऑपरेशनवाले पुढे. (वागणुकीबद्दल सांगणारे मुख्यतः पालकच, आणि ऑपरेशन झालंय हे त्यांना ठाऊक, तेवढी सूट धरायची.) झोपेची तपासणी ऑपरेशन झालेल्या 79 टक्के मुलांत नॉर्मल आली. नुसती वाट पाहिलेल्यांतही 46 टक्के! सौम्य त्रासाच्या मुलांवरचा 2023 चा अभ्यासही साधारण हेच सांगतो.

म्हणून मार्क वाढतील या आशेनं ऑपरेशन करू नये. श्वास अडतोय, झोप मोडतेय, हे कारण पुरेसं आहे. लठ्ठ मुलांत मात्र त्रास उरण्याची शक्यता जास्त.

ऑपरेशननंतर घशात पांढरट थर दिसतो. तो पू नव्हे, जखम भरतेय. कानही दुखतो. पाणी घोटघोट पाजत राहायचं, मिसळ आणि तांबडा रस्सा दोन आठवडे लांब. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली सुटताना रक्त येऊ शकतं. आलं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा.