समुपदेशक आहे, पण त्याच्याकडे जायचं कधी?

इंटर्नशिप सुरू होण्याआधी डॉक्टरांना नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली द्यायची, आणि वर्षभर दर तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. मनोविकारतज्ज्ञ सृजन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ७४० इंटर्न्सची अशी पाहणी केली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. रुजू होण्याआधी त्यांच्यातले ३.९ टक्के नैराश्याच्या निकषात बसत होते. इंटर्नशिपच्या वर्षात हे प्रमाण सरासरी २५.७ टक्क्यांवर गेलं. माणसं तीच होती, बदललं होतं ते काम. 'आजकालची मुलंच नाजूक' हे सीनियर मंडळींचं आवडतं निदान या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. जगभरातल्या ५४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये आलं, त्यातही निवासी डॉक्टरांमध्ये नैराश्याचं किंवा त्याच्या लक्षणांचं प्रमाण २८.८ टक्के निघालं.

कामातलं नेमकं काय बोचतं? सगळ्यात आधी तास. अमेरिकेतल्याच सतरा हजारांहून अधिक इंटर्न्सच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आठवड्याला ४० ते ४५ तास काम करणाऱ्यांचे त्या प्रश्नावलीवरचे नैराश्याचे गुण (२७ पैकी) सरासरी १.८ ने वाढलेले दिसले, आणि ९० तासांच्या वर काम करणाऱ्यांचे ५.२ ने. त्यात झोपेचा हिशेब वेगळाच. सलग १७ तास जागं राहिलं की हाताचा आणि नजरेचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका बिघडतो, २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्याइतका, हे १९९७ मध्येच मोजून झालेलं आहे. तरी ३० तासांच्या ड्युटीनंतर राउंडला उभं राहणं ही अजूनही काही युनिट्समध्ये अभिमानाची गोष्ट समजली जाते. शल्यशाखेत ही रात्रंदिवस रुग्णालयात राहून शिकण्याची पद्धत रुजवणारे विल्यम हॉलस्टेड स्वतः आधी कोकेनच्या आणि मग मॉर्फिनच्या विळख्यात होते. परंपरेचे गोडवे गाताना हे सहसा कुणी सांगत नाही.

आता ते नऊ प्रश्न जरा जवळून बघू. गेल्या दोन आठवड्यांत झोपेचा त्रास झाला का? थकवा वाटला का? भूक बिघडली का? लक्ष लागत नाही असं झालं का? नाइट लागलेला कुठलाही रेसिडेंट हे रकाने डोळे मिटून भरेल, आणि 'ड्युटीच तशी आहे' म्हणून स्वतःच ते खोडूनही टाकेल. पण उरलेले प्रश्न ड्युटीच्या नावावर टाकून मोकळं होता येत नाही. कशातच रस वाटत नाही का? आपण कुचकामी आहोत, घरच्यांची मान खाली घालायला लावली, असं वाटतं का? आणि नववा प्रश्न: मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असं मनात येतं का? ऑफ मिळाला, दहा तास झोप झाली, तरीही जवळच्या मैत्रिणीचा फोन उचलावासा वाटत नाही, तर तो नुसता शीण नव्हे. बर्नआउट, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार पिचून जाणं, आणि नैराश्य यांत गल्लत होते ती इथेच. जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं आहे. नैराश्य हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

मग उपचार घेतं कोण? वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या २०१६ मधल्या विश्लेषणात नैराश्याच्या चाचणीत सापडलेल्यांपैकी जेमतेम १५.७ टक्क्यांनी उपचार घेतल्याचं आढळलं. इतरांना 'डॉक्टरकडे जा' म्हणणारीच ही मंडळी. त्यांचं अडतं ते साध्या साध्या गोष्टींवर. समुपदेशकाची वेळ दहा ते पाच, आणि यांची ओपीडीही तेव्हाच. रजा मागायची तर कारण सांगावं लागणार. ज्या मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं तेच उद्या परीक्षक म्हणून समोर बसणार. रुग्णालयाच्या संगणकावर केसपेपर निघाला, तर तो बॅचमेटही उघडू शकतो. शिवाय नोंदणीचा नाहीतर नोकरीचा अर्ज भरताना 'कधी मानसिक उपचार घेतले होते का' असं विचारलं तर काय लिहायचं, ही धास्ती असतेच.

त्यापेक्षा आपलं आपणच निभावणं सोपं वाटतं. कॉरिडॉरमध्ये मित्राला विचारून एसिटालोप्रामसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या सुरू होतात, डोस आपणच वाढवायचा, बंदही आपणच करायच्या. समुपदेशनाला कुणी आलंच, तर वरिष्ठांपुढे रुग्णाची केस प्रेझेंट केल्यासारखं स्वतःबद्दल बोलतं: 'ॲडजस्टमेंट डिसऑर्डर असावा, एसिटालोप्राम दहा मिलिग्रॅम चालू आहे.' ही प्रेझेंटेशनची भाषा बाजूला ठेवायलाच एखादं सत्र जातं. मग कधीतरी खरं निघतं. रात्री तीन वाजता एक मूल गेलं, नातेवाइकांना सांगितलं, आणि तीन दहाला पुढचा पेशंट बघायला घेतला. त्यावर आजवर कुणी एक शब्द विचारलेला नसतो.

म्हणून नुसता समुपदेशक नेमून भागत नाही, त्याच्यापर्यंतची वाट कशी आहे ते बघावं लागतं. अमेरिकेतल्या ओरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीने २००४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी सेवा सुरू केली. ती मोफत आहे, आणि तिथल्या नोंदी रुग्णालयाच्या सर्वसाधारण नोंदींपासून वेगळ्या राहतात. काही ठिकाणी याच्याही पुढे जाऊन रुजू होणाऱ्या प्रत्येकालाच समुपदेशकाची वेळ दिली जाते. नको असेल त्याने कळवायचं. यातली खुबी अशी की सगळेच जात असल्यामुळे 'हा का गेला?' हा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेत प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये, ड्युटीच्या वेळेतही अशा भेटीला जाऊ देणं संस्थांना बंधनकारक केलं. मला विचाराल तर मानसिक आरोग्यावरच्या सगळ्या भित्तिपत्रकांपेक्षा हा एक नियम मोलाचा.

आधीच केलेली थोडी तयारीही कामी येते. १९९ इंटर्न्सच्या एका चाचणीत निम्म्यांनी इंटर्नशिपआधी अर्ध्या अर्ध्या तासाची चार ऑनलाइन सत्रं केली. त्यांत विचारांची वळणं ओळखून ती बदलायला शिकवलं होतं. पुढच्या वर्षात त्यांच्यातल्या १२ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार आले. ज्यांना केवळ माहितीपर ईमेल गेले, त्यांच्यात हेच प्रमाण २१.२ टक्के होतं.

मात्र समुपदेशन ही ड्युटीच्या तक्त्यावरची मलमपट्टी ठरू नये. डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचा आढावा २०१७ मध्ये घेतला गेला. त्यात व्यक्तीला सुधारू पाहणाऱ्या उपायांपेक्षा वेळापत्रक, कामाचा बोजा असं काही बदलणाऱ्या उपायांचा परिणाम जास्त दिसला. नाइट संपवून आलेल्यांना सक्तीने ध्यानधारणेच्या कार्यशाळेला बसवणाऱ्यांनी हे वाचायला हवं. आणि ज्यांना फक्त रुग्णहिताची भाषा कळते त्यांच्यासाठी: बालरोग विभागांतल्या निवासी डॉक्टरांच्या २००८ मधल्या एका अभ्यासात, नैराश्य असलेल्यांकडून औषधांच्या चुका इतरांच्या सहापटीहून जास्त झाल्या होत्या.

राहिला नववा प्रश्न. सहकाऱ्याबद्दल शंका आली तर आडून आडून चौकशी करू नका, 'जीव द्यायचे विचार येतात का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उत्तर 'हो' आलं तर त्या रात्रीची ड्युटी दुसऱ्याने घ्यायची, त्याला एकटं सोडायचं नाही, वॉर्डातल्या औषधांपासून लांब ठेवायचं, आणि ऑन कॉल मनोविकारतज्ज्ञाला तेव्हाच बोलवायचं. सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं नाही.